टीटीएल बदलूनही कॅश हलत नाही? आधी फाइल मोडून बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: स्प्रिंग बूट 2.7 या जावा फ्रेमवर्कवरचं ॲप, पॉममध्ये (डिपेंडन्सींच्या फाइलमध्ये) ईएचकॅश 3 ही कॅशिंगची लायब्ररी, रिसोर्सेस फोल्डरमध्ये ईएचकॅश डॉट एक्सएमएल. दरपत्रकाच्या कॅशला (मेमरीत ठेवलेल्या प्रतीला) टीटीएल, म्हणजे नोंद किती वेळ टिकावी तो काळ, 300 सेकंद दिलाय. डेटाबेसमध्ये दर बदलला तरी स्क्रीनवर तासन्‌तास जुनाच दिसतो. ॲप रीस्टार्ट केलं की लगेच नवा येतो. टीटीएल 60 करून पाहिला, 10 करून पाहिला, फरक शून्य. लॉगमध्ये एकही एरर नाही. आणि तुम्ही विचारताय की टीटीएल लिहिताना नेमकं काय चुकतंय.

माझा अंदाज असा की लिहिताना काहीच चुकत नाहीये. ती फाइल कोणी वाचतच नाहीये.

कॅशिंगच्या कॉन्फिगरेशनवर माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि 'आकडा बदलला तरी फरक पडत नाही' अशी तक्रार आली की मी आकड्याकडे बघतच नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा तो प्रकार असतो. (टॅग, क्लास आणि प्रॉपर्टींची नावं मी बोलतो तशी देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये ती रोमनमध्ये आहेत, तुम्ही ओळखालच.)

तर पहिलं काम: फाइल मुद्दाम मोडा. शेवटचा बंद होणारा टॅग उडवा, म्हणजे ते एक्सएमएल उरतच नाही. मग क्लीन बिल्ड करा. हे विसरू नका, कारण टार्गेट फोल्डरमध्ये कालची प्रत पडून असते आणि आयडीई कधीकधी तीच चालवतो. आता ॲप चालू करा. फाइल खरंच वाचली जात असेल तर ॲप सुरू होतानाच कोसळेल. सुखरूप चालू झालं, तर तुमची फाइल शोभेची आहे आणि तुम्ही आजवर तिच्यात केलेले सगळे बदल वाया गेलेत. लॉग लेव्हल वाढवणं, डीबगर लावणं या सगळ्याच्या आधी मी हेच करतो. दोन मिनिटं लागतात आणि उत्तर हो किंवा नाही असंच मिळतं.

तुमच्या बाबतीत ते सुखरूप चालू होईल असं मला वाटतं, त्याचं कारण सांगतो.

स्प्रिंग बूट कॅश मॅनेजर, म्हणजे कॅश सांभाळणारा घटक, स्वतः निवडतं. त्याची ठरलेली रांग आहे: तुम्ही स्वतः कॅशचे बीन दिले नसतील तर आधी जेकॅश (जावाचा कॅशिंगचा प्रमाणित एपीआय), मग जुना ईएचकॅश 2, हेझलकास्ट, इन्फिनिस्पॅन, काउचबेस, रेडिस, कॅफिन, कॅश2के आणि यातलं काहीच जमलं नाही तर शेवटी 'सिंपल'. हा सिंपल म्हणजे साधा कॉन्करंट हॅशमॅप. त्याला टीटीएल कळत नाही, मर्यादा कळत नाही. टाकलेलं तो ठेवतो, रीस्टार्टपर्यंत. तुमची लक्षणं परत वाचा: जुनं तासन्‌तास राहतं, रीस्टार्ट केलं की जातं. तंतोतंत तेच.

आता ईएचकॅश 3 पॉममध्ये असूनही बूट सिंपलवर का घसरतं? ईएचकॅश 3 ला बूट थेट ओळखत नाही, जेकॅशच्या, म्हणजे जेएसआर 107 च्या दारातूनच ओळखतं. त्या दारासाठी दोन गोष्टी क्लासपाथवर (जावा जिथे क्लास आणि फाइली शोधतं त्या यादीत) लागतात: जेकॅशचा एपीआय जार आणि स्प्रिंगचा कॉन्टेक्स्ट-सपोर्ट जार, कारण जेकॅश-कॅश-मॅनेजर हा क्लास त्या दुसऱ्या जारमध्ये आहे. स्टार्टर-कॅश टाकला की कॉन्टेक्स्ट-सपोर्ट आपोआप येतो. पण बरेच जण फक्त ईएचकॅशची डिपेंडन्सी टाकतात, इनेबल-कॅशिंग लावतात, आणि सगळं चालतंय असं दिसतं. चालतंच, कारण इनेबल-कॅशिंग आणि हॅशमॅपवाला मॅनेजर हे दोन्ही स्प्रिंगच्या मूळ कॉन्टेक्स्ट जारमध्येच आहेत. कॅश लागते, पान पटकन उघडतं, डेमो छान होतो. एक्सपायरी नाही हे कोणाच्या लक्षातही येत नाही. त्यात ॲप्लिकेशन प्रॉपर्टीजमध्ये तुम्ही स्प्रिंग डॉट कॅश डॉट जेकॅश डॉट कॉन्फिग लिहिलं असलं, तरी सिंपल निवडला गेल्यावर त्या ओळीला कोणी विचारत नाही, आणि तक्रारही करत नाही.

खात्री करायची तर कॅश मॅनेजर इंजेक्ट करा आणि सुरू होताना त्याच्या क्लासचं नाव लॉगमध्ये छापा. नावात 'कॉन्करंट मॅप' दिसलं की खटला संपला. ॲक्च्युएटर (बूटचं देखरेखीचं मॉड्यूल) असेल तर कॅशेस एंडपॉइंट उघडा, प्रत्येक कॅशच्या पोटात कोणता क्लास आहे ते तिथे टार्गेट म्हणून दिसतं.

इलाज: स्टार्टर-कॅश टाका, जेकॅशचा एपीआय जार आहे ना ते पाहा, कॉन्फिगच्या ओळीत क्लासपाथ कोलन ईएचकॅश डॉट एक्सएमएल द्या. ही ओळ लागतेच. ईएचकॅश 3 ती फाइल नावावरून स्वतः शोधत नाही. आणि एक ओळ माझ्या आग्रहाखातर घाला: स्प्रिंग डॉट कॅश डॉट टाइप बरोबर जेकॅश. ही असली की बूट गुपचूप सिंपलवर घसरू शकत नाही. कॅश मॅनेजर बनला नाही तर ॲप सुरूच होत नाही, आणि जेकॅश टाइपचा मॅनेजर बनवता आला नाही असं स्वच्छ सांगून थांबतं. प्रॉडक्शनमध्ये गुपचूप चुकीचं चालणारं ॲप मला नको, सकाळी नऊला सगळ्यांसमोर पडणारं चालेल.

हे केल्यावर बहुतेक तुम्हाला नवे एरर दिसायला लागतील. घाबरू नका, आता कुठे फाइल वाचली जातेय.

पहिला एरर येईल 'कॅनॉट फाइंड कॅश नेम्ड' असा. हॅशमॅपवाला मॅनेजर मागाल त्या नावाची कॅश जागच्या जागी बनवून द्यायचा. जेकॅशवाला तसा लाड करत नाही. कॅशेबल ॲनोटेशनमधलं नाव आणि फाइलमधला एलियस अक्षर न्‌ अक्षर जुळला पाहिजे, कॅपिटल-स्मॉलसकट.

दुसरा येईल की-टाइपचा. फाइलमध्ये की-टाइप स्ट्रिंग लिहिलंय आणि मेथडला लाँग आयडी जातोय, तर 'इनव्हॅलिड की टाइप' म्हणत क्लास-कास्ट एक्सेप्शन येतं. स्प्रिंगचा नियम असा की मेथडला एकच पॅरामीटर असेल तर तोच की बनतो. शून्य किंवा एकाहून जास्त असतील तर स्प्रिंगचा सिंपल-की नावाचा क्लास की बनतो. त्यामुळे मेथडला आज दुसरा पॅरामीटर वाढवला की उद्या एक्सएमएल मोडतं, आणि कोड रिव्ह्यूमध्ये हे कोणालाच दिसत नाही.

तिसरा सगळ्यात खट्याळ. व्हॅल्यू-टाइपमध्ये तुमचा दर हा क्लास लिहिलाय, टेस्टिंग झालं, सगळं उत्तम. मग एके दिवशी असा आयडी येतो ज्याचा दरच नाही, मेथड नल परत देते. स्प्रिंग तो नलही कॅशमध्ये ठेवायला जातं, पण आपल्या नल-व्हॅल्यू नावाच्या क्लासमध्ये गुंडाळून. ईएचकॅश म्हणतं, हा तर दर नव्हे, आणि एक्सेप्शन फेकतं. उपाय दोन: कॅशेबलमध्ये अनलेस लावून नल निकाल वगळा किंवा व्हॅल्यू-टाइप ऑब्जेक्ट ठेवा. मी पहिला घेतो.

आता समजा, फाइल मोडल्यावर ॲप चालूच राहिलं पण क्लासचं नाव मात्र ईएचकॅशचंच निघालं. म्हणजे फाइल वाचली जातेय, फक्त तुमची नाही. यावरून आठवलं. एका ठिकाणी रात्री चालणाऱ्या बॅच प्रोग्रॅममध्ये ईएचकॅश 2 होतं. कॉन्फ फोल्डरमधल्या फाइलमध्ये मी सबंध दुपार आकडे बदलत बसलो होतो. शेल स्क्रिप्टमध्ये क्लासपाथ होता आधी लिब फोल्डरमधले सगळे जार तारांकनाने आणि मग कॉन्फ. त्या जारांपैकी आमच्याच दुसऱ्या टीमच्या एका मॉड्यूलमध्ये कोणीतरी ईएचकॅश डॉट एक्सएमएल तशीच पॅक करून टाकली होती. क्लासपाथवर जी फाइल आधी भेटते ती जिंकते. वर तारांकनाने घेतलेल्या जारांचा आपसातला क्रम जावा ठरवून देत नाही, त्यामुळे अशा दोन फाइली दोन जारांत असतील तर एका मशीनवर एक जिंकेल आणि दुसऱ्यावर दुसरी. कॉन्फ पुढे आणला, प्रश्न मिटला. दुपार गेली ती गेली.

तेव्हापासून सवय लागली: क्लासलोडरला गेट-रिसोर्सेस, म्हणजे शेवटी अनेकवचन असलेली मेथड, त्या फाइलचं नाव देऊन विचारायचं आणि मिळालेले सगळे पत्ते छापायचे. दोन पत्ते आले की चोर सापडला. नाव वेगळं ठेवणं हा आणखी सोपा मार्ग. लायब्ररी म्हणून वाटल्या जाणाऱ्या जारमध्ये ईएचकॅश डॉट एक्सएमएल या सरधोपट नावाची फाइल ठेवणाऱ्यांबद्दल माझं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

ईएचकॅश 2 वापरणाऱ्यांसाठी आणखी एक सापळा. तिथे क्लासपाथच्या मुळाशी ईएचकॅश डॉट एक्सएमएल सापडली नाही तर लायब्ररी आपल्या जारमधली फेलसेफ नावाची फाइल उचलते. लॉगमध्ये फक्त एक वॉर्निंग येते, 'नो कॉन्फिगरेशन फाउंड' अशी, आणि ॲप मजेत चालू राहतं. लॉगमध्ये फेलसेफ हा शब्द शोधा. सापडला तर बाकी काही बघू नका, फाइल पॅकेजच्या फोल्डरमध्ये वगैरे जाऊन बसली असेल.

दोन आणि तीन या आवृत्त्यांची सरमिसळ हा तर स्वतंत्र विषय आहे. ईएचकॅश 2003 मध्ये ग्रेग लक यांनी सुरू केलं. 2009 मध्ये ते टेराकोटा कंपनीकडे गेलं, आणि 2016 मध्ये तिसरी आवृत्ती आली ती जवळजवळ नव्याने लिहिलेली. (रोमनमध्ये हे नाव उलटं वाचलं तरी तेच येतं, आपल्या 'रामाला भाला मारा'सारखं. नाव उलटसुलट चालतं, फाइली चालत नाहीत.) दोनच्या फाइलचं मूळ टॅग ईएचकॅश असतं, आत कॅश नेम, मॅक्स-एंट्रीज-लोकल-हीप, टाइम-टू-लिव्ह-सेकंड्स असे ॲट्रिब्यूट असतात. तीनचं मूळ टॅग कॉन्फिग, तिची स्वतःची नेमस्पेस, कॅश एलियस, आणि एक्सपायरी, हीप वगैरे वेगळे टॅग. दोनची फाइल तीनला दिली की 'सीव्हीसी ईएलटी वन' असा कोड आणि 'ईएचकॅश या एलिमेंटचं डिक्लेरेशन सापडत नाही' असा मजकूर येतो. हा दिसला की टायपो शोधत बसू नका. इंटरनेटवरून उचललेलं उदाहरण दुसऱ्या आवृत्तीचं आहे एवढाच त्याचा अर्थ.

उलट बाजूने, दोनच्या घरातही भाऊबंदकी आहे. मॅक्स-एलिमेंट्स-इन-मेमरी हे जुनं नाव 2.5 मध्ये मॅक्स-एंट्रीज-लोकल-हीप झालं. फाइलमध्ये नवं नाव आणि क्लासपाथवर जुना जार असेल तर 'एलिमेंट कॅश डज नॉट अलाउ ॲट्रिब्यूट' असा एरर येतो. माणूस म्हणतो, अहो, डॉक्युमेंटेशनमध्ये तर हेच लिहिलंय! लिहिलंय बरोबर, पण हायबरनेट 4 चा (हायबरनेट म्हणजे डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) ईएचकॅश मॉड्यूल गुपचूप ईएचकॅश-कोअर 2.4.3 ओढून आणतो, आणि त्याला ते नाव माहीत नाही. आर्टिफॅक्टचं नाव वेगळं असल्यामुळे मेव्हन दोन्ही जार सुखाने ठेवतो. डिपेंडन्सी ट्री काढा आणि त्यात ईएचकॅश किती वेळा येतं ते मोजा. एकदाच यायला हवं.

तीनमध्ये फाइल स्कीमावर घासून तपासली जाते, म्हणून तिथे क्रमही महत्त्वाचा. की-टाइप, व्हॅल्यू-टाइप, मग एक्सपायरी, आणि त्यानंतर हीप किंवा रिसोर्सेस. एक्सपायरी हीपच्या खाली लिहिली की 'इनव्हॅलिड कंटेंट वॉज फाउंड स्टार्टिंग विथ एलिमेंट एक्सपायरी'. शब्द सगळे बरोबर, जागा चूक. या एररच्या शेवटी 'यांपैकी एक अपेक्षित होतं' अशी यादी असते, ती वाचा. लोक एररचं पहिलं वाक्य वाचून थांबतात. आणि 'कंटेंट इज नॉट अलाउड इन प्रोलॉग' आला तर पहिल्या ओळीच्या आधी न दिसणारं काहीतरी आहे, बहुधा विंडोजच्या जुन्या नोटपॅडने घातलेला बीओएम, म्हणजे फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण.

फाइल वाचली जातेय, एरर नाही, आणि तरीही वागणूक विचित्र आहे, अशी वेळ आली की मग आकड्यांकडे वळायचं.

दोनमध्ये इटर्नल ट्रू असेल तर टीटीएल आणि टीटीआय दोन्ही निकालात निघतात. लॉगमध्ये वॉर्निंग येते, पण ती कोण वाचतंय? तसंच तिथे शून्याचा अर्थ 'बंद' नव्हे, 'अमर्याद' असा आहे. हीपमधल्या एंट्रींची मर्यादा शून्य लिहून कॅश बंद केली असं समजणाऱ्या एका टीमची मेमरी भरलेली मी पाहिली आहे. टीटीआय, म्हणजे वापर नसतानाचा काळ, एकटा दिला आणि ती नोंद दर मिनिटाला कोणीतरी वाचत असेल, तर ती कधीच मरणार नाही. दरपत्रकासारख्या सतत वाचल्या जाणाऱ्या डेटाला टीटीआय एकटा कधीही देऊ नका. दोनमध्ये दोन्ही देता येतात आणि जो आधी संपेल तो लागू होतो. तीनच्या फाइलमध्ये मात्र दोघांपैकी एकच लिहिता येतो. एक्सपायर झालेली नोंद त्याच क्षणी मेमरीतून जाते असंही नाही. बहुतेक वेळा कोणी मागितल्यावर ती शिळी आहे हे कळतं आणि मग काढली जाते. म्हणून जेएमएक्समध्ये (जावाच्या देखरेखीच्या सोयीत) कॅशचा आकार कमी होत नाही यावरून टीटीएल चालत नाही असा निष्कर्ष काढू नका. नोंद मागून पाहा.

हायबरनेटची सेकंड लेव्हल कॅश असेल तर रीजनचं, म्हणजे त्या कॅशमधल्या कप्प्याचं, नाव म्हणजे एंटिटीचं पॅकेजसकट पूर्ण नाव. कोणी पॅकेज बदललं की एक्सएमएलमधली नोंद अनाथ होते आणि एंटिटीला डीफॉल्ट सेटिंग मिळतं. एरर नाही, फक्त वॉर्निंग: एचएचएच020003, आणि 5.3 पासून पुढे एचएचएच90001006. या दोन कोडवर आमच्या बिल्डमध्ये मी अलार्मच लावला होता. अपडेट-टाइमस्टॅम्प्सच्या रीजनला (कोणतं टेबल कधी बदललं याच्या नोंदींना) टीटीएल देऊ नका, नाहीतर क्वेरी कॅश शिळे निकाल ताजे समजून देईल.

स्प्रिंगने एक आणि हायबरनेटने एक असे दोन कॅश मॅनेजर बनवले की ईएचकॅश 2.5 पासून पुढे 'अनदर अननेम्ड कॅश मॅनेजर ऑलरेडी एक्झिस्ट्स इन द सेम व्हीएम' हा प्रसिद्ध एरर येतो. दोघांना वेगळी नावं द्या, किंवा स्प्रिंगच्या फॅक्टरी बीनला शेअर्ड ट्रू आणि हायबरनेटला सिंगलटनवाली रीजन फॅक्टरी द्या. टॉमकॅटवर परत डिप्लॉय करतानाच हा एरर येत असेल तर जुना मॅनेजर बंदच झालेला नाही. वेब डॉट एक्सएमएलमध्ये ईएचकॅशचा शटडाउन लिसनर लावा.

तीनमध्ये ऑफ-हीप (हीपच्या, म्हणजे जावाच्या नेहमीच्या मेमरीच्या, बाहेरची जागा) किंवा डिस्क जोडली की सिरिअलायझर, म्हणजे ऑब्जेक्टचे बाइट करणारा क्लास, लागतो. फक्त हीपवर असताना काही लागत नाही, त्यामुळे ऑफ-हीपची एक ओळ वाढवल्यावर 'नो सिरिअलायझर फाउंड' आला तर गोंधळू नका, क्लास सिरिअलायझेबल करा. व्हॅल्यू-टाइप लिस्ट लिहिलं असेल तरी हाच एरर, कारण लिस्ट हा इंटरफेस सिरिअलायझेबल नाही. डिस्कच्या फोल्डरवर ईएचकॅश लॉक धरतं. कुबरनेटीसमध्ये एकच व्हॉल्यूम असेल आणि नवा पॉड (ॲपची चालती प्रत) जुना जायच्या आत उठला, तर त्याला 'ऑलरेडी लॉक्ड बाय अनदर प्रोसेस' दिसतो. लॉकची फाइल हाताने उडवण्यात अर्थ नाही, प्रत्येक पॉडला स्वतःचं फोल्डर द्या. आणि ॲप नीट बंद झालं नाही, थेट किल झालं, तर डिस्कवरचा डेटा पुढच्या वेळी मिळेल ही आशा सोडा.

जावा 11 वर गेल्यावर जेएएक्सबी, म्हणजे एक्सएमएल वाचणारी लायब्ररी, जेडीकेमधून गेलं, म्हणून जुन्या ईएचकॅश 3 ला फाइल वाचताना क्लास सापडत नाहीत. नवी आवृत्ती घ्या. स्प्रिंग बूट 3 वर गेलात तर ईएचकॅशच्या डिपेंडन्सीला जकार्ता हा क्लासिफायर लावा. ईएचकॅश 2 ला तिथे थाराच नाही.

तुमच्या ॲपकडे परत. स्टार्टर टाकून, टाइप जेकॅश करून चालवा. तरी अडलं तर तीन गोष्टी पाठवा: कॅश मॅनेजरच्या क्लासचं छापलेलं नाव, डिपेंडन्सी ट्रीमधल्या ईएचकॅश आणि जेकॅशच्या ओळी, आणि स्टॅक ट्रेसमधला सगळ्यात खालचा 'कॉज्ड बाय', वरचा नको. आणि हो, मोडलेला टॅग परत जोडा. माझा एकदा तसाच कमिट झाला होता.